कमळाकर दिघ्यांचा कोबा

हे कुणाला खरं वाटणार नाही, आणि मला त्याचं काडीइतकं दुःख नाही. समोरच्याला खरं वाटावं म्हणून बोलतात ते वकील आणि आंबेवाले. मी घडलेलं सांगतो. पटवून घ्यायचं काम ऐकणाऱ्याचं. तेव्हा आधीच बजावतो. वाशीतल्या आमच्या सोसायटीतून एक धडधाकट गृहस्थ, पायात विलायती बूट आणि हातात रॅकेट अशा अवस्थेत, शेणाच्या पापडावर उभा राहून थेट शिरवण्याला गेला. बसचं तिकीट न काढता. ज्याला हसायचंय त्याने आत्ताच हसून घ्यावं. पुढे मध्येमध्ये हसलेलं मला चालत नाही.

गेल्या रविवारी संध्याकाळी ही हकीकत निघाली ती नंदकुमारमुळे. नंदकुमार आणि त्याची बायको चारुलता आमच्या वरच्या मजल्यावर नुकतेच राहायला आले आहेत. त्यांच्या पेट्यांच्या सुतळ्यासुद्धा अजून सुटलेल्या नाहीत. इमारतीमागच्या मोकळ्या जागेत सोसायटीची भेळ होती. सतरंज्या अंथरलेल्या, सगळी मंडळी खाली मांड्या घालून, आणि मी खुर्चीवर. सांगणारा जरा उंच असावा लागतो, नाहीतर मागच्यांपर्यंत आवाज जात नाही. आमची ही, म्हणजे जयमाला, मोठ्या परातीत कुरमुरे ओतत होती. तेवढ्यात नंदकुमार हातात कोरी रॅकेट आणि काखेत पांढरे बूट घेऊन हजर.

"काका, इथे बॅडमिंटन कोर्ट होतं म्हणे. उद्या सकाळपासून सुरू करू म्हणतो. पार्टनर मिळेल ना कोणी?"

"पार्टनर मिळेल," मी म्हटलं. "जादा गुडघे आणलेत का सोबत?"

"गुडघे?"

"बस खाली. रॅकेट बाजूला ठेव. बूटही."

चारुलता त्याच्या शेजारी कोपऱ्यात बसली. मुलगी दिसायला शांत, पण बँकेत नोकरी करते; म्हणजे सही बघितल्याशिवाय कशावर विश्वास ठेवणाऱ्यांतली नाही. मी सुरू करायच्या आधीच तिने एकदा मांडी बदलली. मला वाटलं, कंटाळली.

तर, आम्ही वाशीत आलो तेव्हा इमारती तयार होत्या आणि माणसं यायची होती. रात्री कोल्हे ओरडायचे. त्या कोल्ह्यांमध्ये आणि पुढे झालेल्या आमच्या कमिटीमध्ये एवढाच फरक की कोल्हे मिनिट्स लिहीत नसत. तेव्हा आम्ही चार टाळक्यांनी मिळून इथे मातीचं कोर्ट केलं होतं. खाली लाल माती, वर बारीक चाळलेला मुरूम, सकाळी पाण्याचा हलका शिपका आणि मग रोलर. त्या मातीवर खेळायला मजा यायची. उडी मारली की माती अर्धा हादरा स्वतःच्या पोटात घ्यायची आणि उरलेला आपल्याला द्यायची. चांगल्या थोरल्या जावेसारखी. पन्नाशीतली माणसं हरणासारखी पळायची. माझा ड्रॉप तर असा होता की फूल जाळीवर टेकून जरा विचार करायचं, कुठे पडू, आणि मग समोरच्याच्या पायाशी पडायचं.

"फूल विचार करायचं?" चारुलता म्हणाली.

"तेव्हाची फुलं खऱ्या पिसांची असायची गं. विचार करायची."

या सुखात कमळाकर दिघे सेक्रेटरी झाला. तुर्भ्याच्या पट्ट्यातल्या कुठल्याशा कारखान्यात बांधकाम खात्याचा साहेब. माणसाचं मातीशी उभं वैर. चपलेला चिमूटभर माती लागली की चेहरा असा करायचा, जणू नातेवाईक उसने मागायला आलेत. त्याच्या गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीलाही त्याने वरून सिमेंटचा हात मारला होता; तुळस त्यातून कशी वर आली ते तिचं तिलाच ठाऊक. पहिल्याच मीटिंगमध्ये उभा राहून म्हणाला, "माती हे मागासलेलं मटेरियल आहे. आपण नव्या शहरात आलोय की खेड्यात?"

कमिटीने हात वर केले. आमची कमिटी म्हणजे एका हाताने बटाटेवडा खायचा आणि दुसरा वर करायचा, एवढीच यंत्रणा. मी विचारलं, "अहो पण खेळणाऱ्यांना विचारलंत का?" तर कमळाकर म्हणाला, "रस्ता करताना चालणाऱ्यांना विचारतात का, दिनानाथराव?"

झाला कोबा. साधासुधा नाही. खाली दगडाची सोलिंग, वर काँक्रीट, त्यावर सिमेंटचा घोटीव थर. गवंड्याला त्याने इतकं घोटायला लावलं की बायका येताजाता त्यात बघून कुंकू सारखं करायच्या. आणि कोपऱ्यात, खेळाच्या रेघेबाहेर, या गृहस्थाने स्वतःचं नाव घालून घेतलं. सिमेंटच्या उठावाच्या अक्षरांत. 'सचिव क. दिघे, १९८२', भोवती वेलबुट्टी. देवळाच्या पायरीवर लोक नाव कोरतात ते भक्तांची पायधूळ लागावी म्हणून. याने नाव उठवून ठेवलं ते बहुधा भक्तांनी ठेचकाळावं म्हणून. माझ्या उजव्या अंगठ्याचं नख 'घे'च्या मात्रेने घेतलं.

चारुलताने पुन्हा मांडी बदलली. आता डावीकडून उजवीकडे.

पहिले काही दिवस मजेत गेले. फूल गुळगुळीत जमिनीवर छान दिसतं, बूट मळत नाहीत, बायकोची कटकट नाही. मग एकेकाचं सुरू झालं. आधी टाच. मग पोटरी. मग गुडघ्याची वाटी. कोबा हा पोस्टातल्या खडूस कारकुनासारखा असतो. तुम्ही उडी मारून जो हादरा खाली पाठवाल तो 'पत्ता अपुरा' असा शेरा मारून जसाच्या तसा परत. आणि परत येतो तो टाचेतून शिरून घोटा, गुडघा, कंबर करत थेट अक्कलदाढेपर्यंत. सकाळी खेळ सुरू झाला की गुडघ्यांचा असा कडकडाट व्हायचा की तळमजल्यावरच्या वेणूबाई पापड गॅलरीतून आत घ्यायच्या. त्यांना वाटायचं वीज कडाडतेय. जिन्यात महानारायण तेलाचा वास इतका, की पोस्टमन पत्रं खालीच टाकायचा. वर आला तर घसरायचा.

"आणि दिघेसाहेब?" नंदकुमारने विचारलं. "ते नव्हते खेळत?"

"खेळायचा तर! पण फुल पँटमध्ये. मे महिन्याच्या उकाड्यात फुल पँट. लोकांना वाटायचं, साहेब माणूस. एकदा सर्व्हिस करताना शिवण उसवली तेव्हा दिसलं, दोन्ही गुडघ्यांवर हे एवढाले नी-कॅप. लोकांना काँक्रीट आणि स्वतःला इलॅस्टिक! आम्ही बघितलं तर म्हणतो कसा, 'थंडीसाठी आहेत.' मे महिन्यात!"

सगळे हसले. मी हसू दिलं. हे हसण्याजोगंच होतं.

पण माझ्या बाबतीत हसण्याचं राहिलं नव्हतं. डॉक्टरांनी माझा गुडघा हातात धरून हलवला, कान जवळ नेला आणि म्हणाले, "दिनानाथराव, या जमिनीवर आणखी एक हिवाळा खेळलात तर रॅकेट खुंटीला आणि काठी हाताला. तुम्हीच ठरवा." बघ नंदकुमार, मी जन्मभर कारकुनी केली. दिवसभर साहेबाच्या आवाजावर उठायचं, बसायचं. सकाळचा तो एक तास असा होता की मी कुठे उभं राहायचं ते मी ठरवत होतो. तो तास हा माणूस सिमेंटमध्ये घालून घोटत होता. मी त्याच्याकडे गेलो, नीट बोललो, हात जोडले म्हण हवं तर. कोबा फोडा, माती आणू, रोलर मी ओढतो. त्याने काय सांगावं?

"खेळाडूच्या पायात ताकद हवी. जमीन म्हणजे काय गादी आहे?"

तेव्हा मी दातओठ खाल्ले. दात होते तेव्हा.

अशात एके दिवशी जवळच्या शिरवणे गावचा गोटीराम सोसायटीच्या टाकीसाठी रेती घेऊन आला. गोटीराम म्हणजे मूळचा शेतकरी. बहुतेक जमिनी नव्या शहरात गेल्या, तुकडाभर शेत उरलं, मग याने ट्रक घेतले. गळ्यात साखळी, तोंडात पान, आणि जिभेला लगाम नाही. आम्ही खेळून परतत होतो. त्याने ट्रकच्या पायरीवरून आमची वरात बघितली आणि हाक दिली, "काय ओ शेट, तुमच्या सोसायटीन समदीच लंगडतान ती? घर देताना पाय काढून घेतान का काय?"

मी त्याला कोबा दाखवला. त्याने टाच आपटून बघितली आणि कमळाकरच्या नावावर पानाची पिंक टाकता टाकता थांबला, एवढंच. "आमच्या खल्यावर या खेलाला. भात झोडून जाला, मोकलाच हाय."

गेलो आम्ही. खळं तुम्ही बघितलंय का रे शहरातल्या लोकांनी? भात झोडायची जागा. जमीन भिजवायची, तुडवायची, चोपण्याने चोप चोप चोपायची आणि वरून शेणाने सारवायची. घट्ट होते, पण मेलेली नसते. अंगठा दाबला तर दबत नाही, पण टाच टेकली तर समजून घेते. आम्ही बांबूला जाळी बांधली आणि खेळायला उतरणार, तोच गोटीरामची आई, गोजराबाई, काठी आडवी धरून उभी राहिली.

"पायतान काढा. खला हाय ह्यो. लक्षुमी येते हितं. कुनी चपला घालून जात नाय."

आम्ही बूट काढले. अनवाणी खेळलो, आणि बाबांनो, काय सांगू! पहिल्या गेमला गुडघ्याची कुरकुर थांबली. दुसऱ्याला कंबर सरळ झाली. तिसऱ्या गेमला मी स्मॅशसाठी अशी उडी मारली की वर मला एक बगळा आडवा गेला. त्याने मान वळवून बघितलं.

"बगळ्याने," चारुलता म्हणाली.

"खाडीजवळचे बगळे. त्यांना सगळ्यात नाक खुपसायची सवय."

जयमालाने परातीत चमचा जरा जोरात आपटला. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

कमळाकरही आला होता आमच्या मागून, हेरगिरीला. गोजराबाईने त्याला अडवला. "बूट काढ." तो म्हणाला, "आजी, हे स्पोर्ट्स शूज आहेत. परदेशी आहेत." म्हातारी म्हणाली, "म्हंजे धुवून आनलंस तरी पायतानच ना?" बूट काढणं त्याच्या इभ्रतीत बसेना. अनवाणी आणि तेही शेणावर! बसला बांधावर, पाय दुमडून, बुटांसकट. आणि गंमत बघा, आम्ही इकडे शेणामातीवर नाचत होतो आणि गोटीराम तिकडे आपल्या नव्या बंगल्याच्या फरशीचं वर्णन करत होता. "सगल्या घरान मोझॅक टाकतोय शेट. पाय ठेवला की चटका बसल इतका गार. तुमाला शेन पायजे, आमाला लादी पायजे. बदली करू काय?"

परतल्यावर मी भर मीटिंगमध्ये आव्हान दिलं. मी आणि कमळाकर, एक मॅच. मी जिंकलो तर कोबा फुटणार आणि माती येणार. तो जिंकला तर मी रॅकेट खुंटीला टांगणार आणि गुडघा हा शब्द सोसायटीत पुन्हा काढणार नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कमळाकर लगेच हो म्हणाला, कारण मॅच कोब्यावर होती आणि त्याच्या पँटमध्ये इलॅस्टिक होतं.

पण मनातून टरकला होता. शिरवण्यात मी उडालेलो त्याने बघितलं होतं. तेव्हा त्याने डोकं लढवलं. आता हे नीट ऐका, कारण असली चूक शेतकरी करणार नाही, मजूर करणार नाही, जनावर करणार नाही. यासाठी डिग्री लागते. तो म्हणाला, "मऊपणा मातीत नाही. तो वरच्या थरात आहे. म्हणजे शेणात. मग शेण कोब्यावरही लागेल. फोडायची गरजच काय?"

कमिटीने हात वर केले. वडे होते.

तुर्भ्याकडच्या तबेल्यातून म्हशीचं शेण आलं. आणि कमळाकरने त्याची टेस्ट घेतली! काँक्रीट किती पातळ झालंय ते बघायला इंजिनिअर लोक ते पत्र्याच्या साच्यात भरून साचा उचलतात आणि ढीग किती खचतो ते मोजतात. याने ते शेणावर केलं. फूटपट्टी लावून. वर त्याचे ठोकळे पाडून पिंपात पाण्यात ठेवले, पक्के व्हायला. आठवड्याने झाकण उघडलं तर ठोकळे नाहीत, पिंपभर कढी. तो कमिटीला म्हणाला, "निकाल समाधानकारक."

मग सारवण. सोसायटीतल्या बायकांनी साफ सांगितलं, आम्ही गिरगावातून आणि दादरहून आलोय, आमच्या सात पिढ्यांत कुणी जमीन सारवली नाही. म्हणून कमिटीच बसली उकिडवी, हातात गवंड्याचे गुरमाळे घेऊन. अध्यक्ष नाकाला रुमाल बांधून, खजिनदार डोळे मिटून. मातीवर शेण का बसतं? माती ते ओढून घेते. घोटलेला कोबा काय ओढणार? दुपारच्या उन्हात थर वाळला, कडा वर उचलल्या, पापडासारखा वळला. कमळाकर म्हणाला, "एक थर कमी पडला." दुसरा दिला. तोही वळला. तिसरा. चौथा. कोर्ट इतकं उंच झालं की जाळी खाली आली असं वाटायला लागलं. कडेला मेथी उगवली. अध्यक्षांच्या बायकोने दोन जुड्या खुडून नेल्या.

"काका, मेथी कुणी पेरली?" चारुलताने विचारलं. ती आता गुडघ्यांवर बसली होती, अर्धवट उभी.

"म्हशीने खाल्लेली असणार. मध्ये बोलू नकोस, मॅच आली."

मॅचच्या दिवशी सगळी सोसायटी गॅलऱ्यांतून लोंबकळत होती. कमळाकर पांढऱ्या फुल पँटीत, विलायती बुटांत. मी साधा कॅनव्हास. खेळ सुरू झाला आणि माझा गुडघा बोलायला लागला. शेण वरून मऊ दिसत होतं, पण दर पावलाला खालचा कोबा आपला हात दाखवत होता. जशी एखादी खाष्ट सासू नव्या मऊ शालीत. मी ड्रॉप टाकत होतो, तो धावत होता. गेम चौदा-चौदावर आला. एक गुण. माझा उजवा गुडघा असा सुजला होता की त्याच्याआड खालचा कॅनव्हासचा बूट दिसत नव्हता. मला ठाऊक होतं, आणखी एक उडी मारली तर जिंकेन किंवा काठी घेईन. मी फूल उंच दिलं. मुद्दाम. त्याच्या डोक्यावर.

त्याला स्मॅश मारायचा मोह आवरला नाही. उडाला! आयुष्यात पहिल्यांदा उडाला तो माणूस. आणि जिथे पडला तिथे पापड बसला होता, सुकून, कोब्यापासून सुटून, नुसता निमित्ताची वाट बघत. कडकन् आवाज झाला. मला वाटलं, माझा गुडघा. पण पापड होता. अख्ख्या कोर्टाएवढा एक पत्रा सुटला आणि त्यावर कमळाकर उभा, रॅकेट वर धरून, आणि घोटीव कोब्यावरून सर्रकन् फाटकाकडे! नीट घोटला होता ना! वॉचमन पुतळाराम उठून उभा राहिला आणि त्याने सॅल्यूट ठोकला, कारण साहेब जाताना सॅल्यूट करायचा असा कमळाकरचाच नियम होता.

"फाटकातून कोर्टाएवढा पापड कसा मावला?" चारुलता.

"तिरका झाला." मी म्हटलं. "पापडच तो. बांधलेलं घर आहे का?"

रस्त्यावर लागला. समोरून बस आली, ड्रायव्हरने हॉर्न दिला. कमळाकरने रॅकेटने उजवीकडे वळायचा इशारा केला. शिस्तीचा माणूस, ते मान्य करावंच लागेल. बस थांबली. कंडक्टरने खिडकीतून विचारलं, "जागा आहे का वर?" तुर्भे मागे पडलं, सानपाड्याची शेतं गेली, पापडाच्या कडा झडत होत्या, पण मधला भाग पक्का.

"हे तुम्ही बघितलंत?"

"मी सायकलवर मागे होतो."

"गुडघा सुजलेला असताना?"

"उतार होता."

"वाशी ते शिरवणे? मी परवाच गेले बसने. सगळं सपाट आहे."

"आता सपाट आहे. तेव्हा उतार होता. भराव नंतर पडला. नवं शहर आहे, एका जागी राहत नाही."

नंदकुमार म्हणाला, "अगं, सांगू दे ना त्यांना. टेन्शन काय घेतेस?" भला मुलगा आहे. असा एक तरी श्रोता असावा.

तर पापड थेट गोटीरामच्या खळ्याच्या कडेला जाऊन थांबला. कमळाकर पाऊल टाकणार, तेवढ्यात काठी आडवी. गोजराबाई.

"पायतान काढ."

आता मागे जायला वाहन नाही, पुढे म्हातारी. कमळाकर दिघे, सचिव, याने विलायती बूट काढले. मोजे काढले. नी-कॅपसुद्धा काढले, म्हातारी म्हणाली तेही पायतानच. आणि अनवाणी पाऊल खळ्यावर ठेवलं. उभा राहिला. डोळे मिटले. म्हणाला, "दिनानाथराव, दुखत नाहीये." आणि तिथेच फतकल मारून हुंदके द्यायला लागला. गोटीराम त्याच्या नव्या मोझॅकवरून धावत आला आणि घसरून पडला, पण तो वेगळा विषय.

दुसऱ्या दिवशी पहिली पहार त्याने स्वतः मारली. या हातांनी नव्हे, त्याच्या हातांनी. कोबा फुटला, ढेपा निघाल्या, ट्रक भरून गेल्या. गोटीरामने लाल माती दिली. मी रोलर ओढला. आणि त्या दिवसापासून आजपर्यंत माझे गुडघे असे आहेत की मी त्यांची आठवणही काढत नाही. अजून सकाळी कुणी नसेल तेव्हा एखादी उडी मारून घेतो.

"म्हणजे काका, आपण बसलोय त्याखाली ती माती आहे?" नंदकुमारचे डोळे चमकत होते. त्याने बूट जवळ ओढले. "मग उद्या सकाळी नक्की. चारू, तूही ये."

"लोण्यासारखी माती आहे, बाळा," मी म्हटलं. "झोपलास तर उठावंसं वाटणार नाही."

जयमालाचा चमचा परातीत थांबला. भेळ कालवून कधीच झाली होती, तरी तिने कुणाला वाढली नव्हती.

चारुलता उठून उभी राहिली होती. पाठीमागून कंबर चोळत होती. मग वाकली, सतरंजीचा कोपरा धरला आणि उचलला. खाली बघितलं, बोटाने चाचपलं, पुन्हा बघितलं. बँकेत सही तपासतात तसं. मग सतरंजी तशीच हातात धरून माझ्याकडे वळली. सगळे तिकडे बघायला लागले.

"काका, मगाचपासून मला बसल्या जागी टोचत होतं ते हे 'दिघे' होतं. वेलबुट्टीसकट. एक टवका उडालेला नाही." ती एवढ्या मोठ्याने बोलली की वेणूबाईंची खिडकी उघडली. "कोबा फुटला म्हणता, तो हा इथे आहे. आणि गुडघे इतके छान आहेत, तर आम्हा सगळ्यांना त्याच्यावर खाली बसवून तुम्ही एकटेच खुर्चीवर का बसलात?"